पाचवी खेळी

भाचीनं मोबाइलवर टाकून दिलं. म्हणाली,
मामा, फुकट आहे, घे.
रांगेत तेवढाच चाळा.

रांग कोळशाच्या ट्रकांची.
त्सोग्तत्सेत्सीहून भरून निघालेली,
सीमेच्या फाटकाशी तुंबलेली.
आज माझ्यापुढे चारशे अकरा गाड्या.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

उणे सव्वीस. इंजिन बंद केलं तर डिझेल गोठतं.
तर त्या घरघरीत बसून मी पाठ करतो
कॅरो-कान.
समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं
की आपण उंटापुढचं एकच घर.
दबकून. आधी दार किलकिलं करून बघावं तसं.

चुकलं की घर तांबडं होतं.
ओरडत नाही, कान पिळत नाही,
पट पुन्हा मांडून देतं.
असा मास्तर शाळेत भेटला असता
तर मी आज कुठे असतो?
याच रांगेत, बहुतेक.
पण आठवी सोडली नसती.

प्रत्येक खेळीखाली आकडे:
इतके लाख डाव, पांढरं इतकं टक्के जिंकलं,
काळं इतकं, उरलेली बरोबरी.
जगात इतकी माणसं रात्री जागी असतात,
हे मला चाळिशीत कळलं.

मोबाइलमधल्या उंटाला उंटाचं तोंड नाही,
टोपी आहे, तिला एक चीर.
मी त्याला उंटच म्हणतो, आमच्याकडे तो उंटच.
वजिराच्या जागी आमचा बेर्स, थोडा कुत्रा थोडा वाघ.
प्याद्याला आम्ही पोरगा म्हणतो.
आणि कोपऱ्यात गाडी.
पुढचा पोरगा हलेपर्यंत ती जागची हलत नाही.
हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नेटवर्कची दांडी एकच, तीही टेकडीच्या या अंगाला.
ट्रक दोनशे मीटर सरकला की गेली.
मग डोळे मिटून खेळायचं.
सहा खेळ्या जातात. सातवीला धुकं.

परवा पुढच्या ट्रकमधून गोन्चिगसुरेन उतरला.
सत्तरी उलटलेला, भुवयांवर बर्फ,
एका हातात मिठाच्या चहाचा थर्मास,
दुसऱ्यात मोजा. मोज्यात सोंगट्या.
बापानं कोरलेल्या. एका घोड्याला कान नाही.

बॉनेटच्या उबेवर पुठ्ठा पसरला.
मी काळं घेतलं. तीन आठवड्यांची तयारी होती माझी.
त्यानं बेर्सपुढचा पोरगा दोन घरं ढकलला.
मी म्हटलं, राजापुढचा ढकला ना.
तो म्हणाला, सुरुवात ही एकच असते.
मग तू तुझा बेर्सचा पोरगा पुढे घालायचा.
घाल.

घातला.
कॅरो-कान खिशातच राहिला, मोबाइलशेजारी.

त्यानंतर तो कडेचं एक प्यादं हलवी,
मग दुसऱ्या कडेचं.
जणू कुंपण तपासतोय, मेंढ्या नंतर बघू.
पाचव्या खेळीला त्यानं बिनकानाचा घोडा
कोपऱ्यातल्या गाडीपुढे नेऊन उभा केला,
जिथे कुणी शहाणा नेत नाही,
आणि चहा ओतला.

मी उंट काढले, मधलं मैदान धरलं,
शिकलो ते सगळं केलं.
एकोणिसाव्या खेळीला मात.
तेवढ्यात पुढून हॉर्न वाजला, रांग सरकली,
त्यानं सोंगट्या मोज्यात लोटल्या.
हातमोज्यातून एक पोरगा निसटून बर्फात पडला.

रात्री दांडी आली तेव्हा सगळा डाव भरून पाहिला.
पाचव्या खेळीखाली आकडेच नाहीत.
लाखो डावांत ही स्थिती एकदाही आलेली नाही.
यंत्रानं विचार केला, बराच वेळ,
मग सांगितलं: घोड्याची ती खेळी चूक.
काळं चांगलंच पुढे आहे.

काळं मी होतो.

सकाळी त्याच्या काचेवर टकटक केली,
बर्फातला पोरगा परत द्यायला.
तो झोपेतच म्हणाला, ठेव तुझ्याकडे,
येताना घेईन.
पुढे तीनशे सत्त्याण्णव.